काकूंच्या गावचं मीठ

आमच्या शेजारच्या काकांइतका मिठाचा माज केलेला माणूस अख्ख्या सिंगापुरात सापडायचा नाही. जन्म गेला जहाजांच्या इंजिनरूममध्ये, पण समुद्राच्या मिठाला ते मीठ मानतच नाहीत. लोखंड खातं ते, म्हणे, जेवणात काय घालता! मीठ एकच, काकूंच्या गावचं. काकू बोर्निओच्या डोंगरातल्या. तिथे रानात खाऱ्या पाण्याचा झरा आहे. पिढ्यान्‌पिढ्या ते पाणी लाकडांवर आटवायचं, मीठ बांबूच्या नळीत ठासायचं, नळी विस्तवात जाळायची आणि राहिलेली टणक कांडी पानात गुंडाळायची. हे मला तोंडपाठ आहे, कारण एकदा आम्ही दोघं लिफ्टमध्ये अडकलो होतो.

आमच्या बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांत, काका खिशातून कांडी काढून माशाच्या सूपवर किसतात. सूपवाल्या बाई आधी भडकल्या, आता मुकाट्याने अळणी सूप देतात. घरात, दमट हवेपासून कॅमेरे जपायला असतं तसलं कोरडं कपाट आणलंय. त्यात कॅमेरा नाही, नुसतं मीठ. स्वतः मात्र पंख्याखाली घामाघूम. एसी लावा म्हटलं तर म्हणतात, मी थोडाच विरघळतोय?

काकू गेल्यावरही त्यांचा भाऊ दरवर्षी कांड्या पाठवायचा. यंदा त्याचा फोन आला. गुडघे गेले, झऱ्यापर्यंत चालवत नाही, मुलं शहरात, भट्टी विझली. काकांनी कोणाकोणाच्या हातापाया पडून झऱ्याचं कॅनभर पाणी मागवलं. गॅसवर आटवलं, भिंती ओल्याचिंब झाल्या. मग किनाऱ्यावरच्या बार्बेक्यू पिटात नळी जाळायला मला घेऊन गेले. नळी तडकली आणि सगळं मीठ राखेत. ते वाकून राखेतून मीठ वेचायला लागले, तेव्हा मला अगदी बघवेना.

“आयुष्यभर इंजिनं खोलून जोडली,” ते म्हणाले. “ती शिकवते म्हणायची. मी म्हणायचो, तुझा भाऊ आहे की.”

काल त्यांनी जेवायला बोलावलं. आपल्या रीतीप्रमाणे ताटात डावीकडे आधी मीठ वाढलं. जुन्या कांडीचा शेवटचा चुरा होता. सगळा माझ्या ताटात, त्यांची डावी बाजू रिकामी. मी म्हटलं, काका, तुम्हाला?

“मला चव माहीत आहे. तू लक्षात ठेव. उद्या मी विसरलो तर कोणाला विचारू?”

मी चाखलं. जिभेवर घोळवलं, डोळे मिटले, जीव तोडून शोधलं. काय सांगू, मला ते रोजच्या मिठासारखंच लागलं.

“कळला ना फरक?” काका विचारत होते.

मी हो म्हटलं, आणि खाली मान घालून भात कालवत राहिले.