बाबांना माझं ऑफिस दिसायचं

गेल्या दिवाळीनंतरचा पहिला रविवार, सकाळ. कॅमेऱ्याचे एक हजार नऊशे रुपये, भिंतीत बसवण्याचे वेगळे दोनशे. हजर चौघे – मी, माझी पत्नी सुनंदा, माझे वडील आणि ड्रिल मशीन घेऊन आलेला फिटर. एवढं आधीच लिहून टाकतो, कारण या सगळ्या प्रकरणात मला खात्रीनं सांगता येईल असं एवढंच आहे.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. वय त्रेपन्न. या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, आणि वाचून झालं की सुनंदाला म्हणतो, "याला डुलकी लागली असणार." अमावस्या, चकवा, अंगात येणं – माझा कशावरही विश्वास नव्हता. आजही आहे असं नाही. तरीपण लिहितोय...

आम्ही सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. सुनंदा शाळेत शिकवते, मुलगा पुण्याला नोकरीत. म्हणजे सकाळी आम्ही दोघं बाहेर पडलो की संध्याकाळपर्यंत बाबा घरात एकटे. बाबा ब्याऐंशी वर्षांचे. डोकं एकदम साफ, पण गुडघे गेलेत. त्या महिन्यात दोनदा बाथरूमच्या दारात पडले. दुसऱ्या वेळी शेजाऱ्यांना हाक ऐकू जाईपर्यंत तसेच पडून होते. म्हणून कॅमेरा.

तो बसवताना बाबा खाटेवरून बघत होते. फिटरला म्हणाले, "ह्येच्यातनं काय दिसतं रं?"

"आजोबा, तुम्ही दिसणार. साहेबांना ऑफिसात, मोबाईलवर."

"आनि मला?"

फिटर हसला. "तुम्हाला काय दिसणार? भिंत!"

बाबांनी कॅमेऱ्याच्या काचेकडं बघितलं. एवढंच म्हणाले, "एका बाजूनंच उघडी खिडकी. लई न्यारं काम हाय."

आता एक गोष्ट सांगणं भाग आहे. बाबा मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. तरुणपणी सोलापुरात आले आणि गिरणीत मागावर लागले, ते गिरणी बंद पडेपर्यंत. मागखात्यात आवाज इतका, की कानात ओरडलं तरी समजत नसे. त्यामुळे तिथली माणसं आवाज न काढता बोलत. नुसते ओठ हलवायचे, फार तर एखादी खूण. खात्याच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी असं बोलायचा, विनोदसुद्धा सांगायचा. लहानपणी मी बाबांचा डबा घेऊन जायचो, तेव्हा हे ओठांचं बोलणं मीही शिकलो. आई वारल्यावर घरात कितीतरी वर्षं आम्ही बापलेक सुनंदाला कळू नये म्हणून असंच बोलायचो. "मीठ कमी हाय." "गप खा की."

कॅमेऱ्याला आवाजाची सोय होती, दोन्हीकडून. मी ती अॅपमध्ये बंदच ठेवली. बाबांना असं बसल्या जागी बघायचीच मला थोडी लाज वाटत होती. त्यांचं ऐकायचंही म्हणजे फार झालं.

सोमवारपासून माझा दिवस बदलला. टेबलावर कॅल्क्युलेटरला टेकवून मोबाईल उभा करायचा. त्यात आमचा हॉल, उन्हाचा एक चौकोन, खाटेवर बाबा. कारखान्यात बाहेर माग धडधडत असायचे आणि माझ्यासमोर ते तळहाताएवढं शांत घर. दुपारी ऊन खाटेवर चढायचं, मग बाबांच्या गुडघ्यावर, मग भिंतीवर. बिलं तपासता तपासता मी मान वर करायचो आणि किती वेळ गेला ते कळायचं नाही. पाण्याच्या तळाशी बघितल्यासारखं वाटायचं.

एक दिवस बाबांनी सरळ कॅमेऱ्याकडं बघितलं. ओठ हलले – "जेवलास का?"

मी सवयीनं मान हलवली. बाबांनीही हलवली... आणि आडवे झाले. योगायोग म्हणून मी सोडून दिलं.

त्या संध्याकाळी चहा घेताना बाबा म्हणाले, "पंख्यावर कबूतर बसतंय व्हय तुज्याकडं? घाण करंल की कागदावर."

दुपारी ऑफिसात वीज गेली होती. पंखा थांबला आणि माझ्या मागच्या पंख्याच्या पात्यावर खरंच एक कबूतर येऊन बसलं होतं. ते मी कोणालाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोन सांगनार? दिसलं."

मी हिशेबाचा माणूस. मला वाटलं, मोबाईलमध्ये काहीतरी घुसलंय. हल्ली पेपरात येतंच – फोनचा पुढचा कॅमेरा आपोआप चालू होतो, आपण बोललेल्या वस्तूची जाहिरात समोर येते वगैरे. पण कोणी मला बघत असेलच, तर ते बाबांना कसं दिसेल? बाबांकडं मोबाईल नाही. घरातला टीव्ही पावसाळ्यापासून बंद पडलेला. तरीही मी ओळखीच्या मोबाईल रिपेअरवाल्याकडं गेलो. त्यानं सगळ्या परवानग्या उघडून दाखवल्या, दोन फालतू अॅप उडवली आणि फोन परत दिला.

"चाचा, फोन एकदम साफ है. ये कॅमेरेवाला अॅप आपका मू देखताच नै. आपकू कौन देखेगा?"

सुनंदानं तर घरी हसून घेतलं. "अहो, तुम्हाला बघून कोणाला काय मिळणार आहे? दिवसभर एक माणूस आणि एक कॅल्क्युलेटर!"

तरी दुसऱ्या दिवशी मी पुढच्या कॅमेऱ्यावर जखमेवर लावायच्या पट्टीचा तुकडा चिकटवला. त्या दिवशी बाबा अस्वस्थ दिसले. दोनदा उठले. भिंत धरत धरत कॅमेऱ्यापाशी आले, इतके जवळ की पडद्यावर नुसता एक डोळा. मग सगळं पांढरं. ते टॉवेलनं काच पुसत होते. आमच्याच कारखान्यातला टॉवेल, त्याची वीणसुद्धा मला ओळखू येत होती.

घरात पाऊल टाकताच म्हणाले, "आज तुज्याकडं अंधार हुता. दिसभर लाईट न्हवती व्हय?"

मी पट्टी काढून टाकली. भीती वाटली का? खरं सांगू, नाही वाटली. त्यांचं ते काच पुसणं डोळ्यासमोरून जाईना. पुन्हा पडले असते तर?

आणि त्याच काळजीनं मी ती गोष्ट केली. मोहोळच्या पुढं एक वृद्धाश्रम आहे, चांगला आहे असं ऐकलं होतं. तिथं फोन केला. सुनंदाला सांगितलं नव्हतं, मुलालाही नाही. म्हटलं, आधी चौकशी तर करू. ऑफिसच्या साध्या फोनवरून बोलत होतो. मोबाईल नेहमीसारखा समोर टेकवलेला, त्यात बाबा खाटेवर बसलेले. मी विचारलं, जागा आहे का, बाथरूमला धरायला दांडी आहे का, पूर्वेच्या खिडकीची खोली मिळेल का. एवढ्यात डिस्पॅचचा क्लार्क आत आला. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी तोंडावर हात धरून एक वाक्य बोललो. मग हात काढला, "रविवारी येऊन बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला.

मोबाईलमध्ये बाबा हलले नव्हते. ऊन भिंतीवर गेलं होतं.

संध्याकाळी सुनंदा शाळेच्या मीटिंगमुळं उशिरा येणार होती. घरात आम्ही दोघंच. मी बूट काढत असताना बाबा म्हणाले, "पूर्वेची खिडकी मागितलीस, बरं केलंस."

मी तसाच बसलो, एक बूट हातात.

"दांडीचंबी इचारलंस. चांगलं हाय. रयवारी जानार व्हय? समदं समजलं मला. मधी एकदा तोंडावर हात घेतलास बघ, तेवढं सुटलं." माझ्याकडं सरळ बघत त्यांनी विचारलं, "तवा काय बोल्लास?"

इथंच माझी सगळी स्पष्टीकरणं संपली. कोणी चोरून ऐकलं असतं, तर त्याला ते वाक्यही ऐकू गेलं असतं, कारण ते मी बोललो होतोच. फक्त ओठ झाकले होते.

खोटं बोलता आलं असतं. पण ज्यानं आपल्याला दिवसभर बघितलंय त्याच्याशी काय खोटं बोलणार?

"म्हणालो... वडलांना अजून सांगितलेलं नाही."

बाबांनी खाटेवर सरकून मला जागा केली. मग म्हणाले, "मग आता सांग की."

मी सांगितलं. ते पडले त्या दिवसापासून ऑफिसात माझी बेरीज दोनदा चुकली, रात्री त्यांच्या खोकल्याची वाट बघत पडून असतो, हेही सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी.

"मला हितंच ठेव म्हनून मी रडनार न्हाय," ते म्हणाले. "पन मेंढरावानी हाकून आत घालू नगंस. आदी इचारायचं."

"मग विचारतो. जाणार का?"

"न्हाय."

"बरं."

"आनि ते भिंतीवरचं काड. बघायचं आसंल तर दोगांनीबी बघायचं, न्हायतर कुनीच न्हाय. तुला ठावं न्हाई मी बघतोय, ह्ये मलाबी बरं वाटंना."

त्याच आठवड्यात फिटरनं कॅमेरा काढून नेला. वृद्धाश्रमाला मी नाही म्हणून कळवलं. दिवसभर बाबांपाशी थांबायला मागच्या गल्लीतल्या लक्ष्मीअक्का आल्या. तेलुगू घरातल्या, साठीच्या आसपास, आयुष्यभर विड्या वळलेल्या. बाबांना धरून नेतात, जेवायला वाढतात, त्यांच्याशी भांडतातही. बाबा पुन्हा पडलेले नाहीत.

मी चौकशी केली. कॅमेऱ्याचं माहितीपत्रक वाचलं, मुलाच्या एका इंजिनिअर मित्राला फोन केला. तो म्हणाला, काका, त्या कॅमेऱ्याला पडदाच नाही, दिसायचा प्रश्नच येत नाही. बरोबर आहे त्याचं. बाबांना विचारलं तर म्हणतात, "काचंतनं दिसायचं. लांब, पान्यातल्यावानी." यापलीकडं त्यांनाही काही सांगता येत नाही. वाचकांपैकी कोणाला काही सुचलं तर जरूर कळवा. मला कळलेलं नाही, आणि कळेल असं वाटतही नाही.

महिना भरला तेव्हा मी लक्ष्मीअक्कांसमोर ठरलेले सात हजार रुपये ठेवले. त्यांनी हात लावला नाही.

"दादा, ह्यातलं थोडं कापा की."

"का?"

"दुपारी चहाच्या टायमाला मी बाहेर जिन्यात बसती. रोज. तेवढं काम न्हाई केलं."

"बाहेर का बसता?"

"आजोबा तवा तुमच्यासंगं बोलतेत की, त्येंनीच सांगितलं. तिकडं भिंतीला कॅमेऱ्याची भोकं हायेत, तिकडं बघून. आवाज न्हाई, नुसतं ओठ. मला काय कळत न्हाई, पण दोगांचं घरचं बोलणं... आपण कशाला मधी?" मग हसून म्हणाल्या, "परवा तर लई हसले. काय केलं हो तुमी?"

परवा चहाच्या वेळेला माझ्या हातून कप कलंडला होता आणि बिलांची अख्खी फाईल भिजली होती. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

मी लक्ष्मीअक्कांना पूर्ण सात हजार दिले. कापलं काहीच नाही.