गाण्यात माझं नाव नव्हतं

माझ्या धाकट्या बहिणीला त्या अमेरिकन गायिकेचं वेड मीच लावलं. मी तेव्हा इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते आणि बहीण सातवीत होती. कॉलेजातल्या एका मैत्रिणीने पेन ड्राइव्हवर गाणी भरून दिली, त्यात तिची काही गाणी होती. गायिका कसली, मुलगीच होती ती तेव्हा. गिटार घेऊन कंट्री म्हणतात तसली गाणी गायची. कंट्री म्हणजे तिकडची गावाकडची गाणी. त्यांत बँजो असतो, व्हायोलिन असतं आणि बहुतेक वेळा घरातली किंवा शेजारपाजारची एखादी साधी गोष्ट असते. तिची गाणी तिनेच लिहिलेली असायची. कुणी तिला नाचायला नेतो म्हणून नेलं नाही, कुणी मैत्रिणीच्या प्रेमात पडला, सगळं त्यात यायचं.

बिबवेवाडीतल्या आमच्या घरात कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत होता. आम्ही दोघी दुपारी गाणी लावायचो आणि आतून बाबांचा आवाज यायचा, "त्या बाईंना म्हणावं, इथे माणसं झोपलीत." मग आवाज कमी करून मी बहिणीला एकेक ओळ मराठीत समजावून सांगायचे. इंग्रजी शिकवण्याचा माझा पहिला वर्ग तोच म्हणायचा. तिला सूर चटकन कळायचा, पण शब्दांसाठी ती माझ्यावर अवलंबून होती.

एकदा तिने विचारलं, "ताई, हे तिच्या बाबतीत खरंच झालंय?"

"झालंय म्हणून तर लिहिलंय."

"मग त्या मुलाला राग नाही आला?"

"येऊ दे की," मी म्हणाले. "वागताना विचार करायचा होता." आम्ही दोघी हसलो होतो.

बहीण दहावीनंतर नारायण पेठेत गिटारच्या क्लासला जायला लागली. बोटांना घट्टे पडले ते ती मला कौतुकाने दाखवायची. इकडे ती अमेरिकन मुलगी मोठी होत होती आणि तिची गाणीही बदलत होती. बँजो गेला, व्हायोलिन गेलं, ढोल-ताशासारखे दणदणीत ड्रम आले, मागे नाचणारे पन्नास लोक आले. ती पॉप गायला लागली आणि साऱ्या जगाची झाली. माझ्या बहिणीला हे अजिबात सोसलं नाही. बारावीचा अभ्यास टाकून ती दोन दिवस तोंड पाडून बसली होती.

"फसवलं तिने," ती म्हणाली.

"कुणाला? तुला?"

"ज्यांनी तिला आधीपासून ऐकलं त्यांना."

मी तिची समजूत काढली. माणूस बदलतो, मोठा होतो, तेच तेच किती दिवस गाणार? शिवाय बघ, लिहिते ती अजूनही स्वतःचंच. हा माझा शेवटचा मुद्दा तिला पटला. त्यानंतर कित्येक वर्षं, कुठल्याही गाण्याबद्दल बोलताना, ते खरं आहे का एवढंच ती विचारायची.

मी एम.ए., बी.एड. केलं, शाळेत लागले आणि माझं लग्न झालं. नवरा चांगल्या नोकरीत होता. दारू नाही, हात उचलणं नाही, सासूबाईसुद्धा त्रास देणाऱ्या नव्हत्या. पण एखादी गोष्ट मनाविरुद्ध झाली की तो बोलणं बंद करायचा. आठ दिवस, पंधरा दिवस. ताट घेऊन गॅलरीत जाऊन बसायचा. काय चुकलं हे विचारलं तरी उत्तर नाही. माझ्याकडे बघायचा तोही मी म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर असल्यासारखा. लोकांना हे सांगायला गेलं तर लोक म्हणणार, बरंय की, शांत माणूस आहे.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी एका दुपारी मी बहिणीला स्वारगेटला बोलावून घेतलं. ती तोवर हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत लागली होती आणि शनिवार-रविवारी कॅफेंमधून गायची. स्टँडजवळच्या एका रसवंतीत आम्ही बसलो. घुंगरांचा आवाज चालू होता, त्यामुळे शेजारच्या टेबलाला काही ऐकू जाणार नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. आणि जे आईलाही सांगितलं नव्हतं, कधी सांगणारही नव्हते, तेही सांगितलं. त्याचं बोलणं बंद झालं की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचे, बाहेर सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून. आणि आत उभी राहून आमच्या दोघांचं बोलणं मी एकटीच बोलायचे. त्याच्या वतीने 'चुकलं माझं' असं मीच म्हणायचे आणि 'जाऊ दे' असंही मीच म्हणायचे. मग तोंड धुऊन बाहेर यायचे. त्याने बरं वाटायचं. ते बरं वाटायचं याचीच मला भीती वाटायला लागली होती.

बहीण रडली. मी नाही रडले.

"हे कुणाला सांगू नकोस," मी म्हणाले.

"वेडी आहेस का ताई?" ती म्हणाली आणि माझा हात तिने दोन्ही हातांत धरून ठेवला.

पुढे वर्षभरात आम्ही दोघांच्या संमतीने वेगळे झालो. नातेवाइकांना 'पटलं नाही' एवढंच सांगितलं. पुण्यात तेवढं पुरतं. पुढचं लोक आपापलं रचून घेतात. मी बिबवेवाडीतच आईबाबांच्या जवळ भाड्याने फ्लॅट घेतला. बहीण महिन्यातून चार-पाच वेळा राहायला यायची. माझ्या आयुष्यातली ती चांगली वर्षं होती असं मी आजही म्हणेन.

याच काळात ती मराठीत गाणी लिहायला लागली. ती अमेरिकन बाईही आता तिशीला पोचली होती आणि झगमगाट बाजूला ठेवून पुन्हा हळू, बोलल्यासारखं गात होती. बहीण म्हणाली, मलाही असंच गायचंय, नुसती गिटार आणि गोष्ट. लोक यायला लागले. मग एका छोट्या नाट्यगृहात तिचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम ठरला. आई, बाबा, आत्या, मी, सगळे तिसऱ्या रांगेत बसलो. बाबा म्हणाले, "खुर्च्या तरी बऱ्या आहेत," म्हणजे ते खूश होते.

मध्यंतरानंतर तिने गिटार लावून घेतली आणि म्हणाली, "हे नवीन गाणं माझ्या अगदी जवळच्या एका बाईचं आहे."

मला वाटलं, आईवर असेल. मी आईकडे बघून हसलेसुद्धा. पहिल्या कडव्यात गॅलरी आली, ताट आलं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. माणूस स्वतःला गाण्यात शोधत नसतो. मग तिने डोळे मिटले आणि गायली:

नळ सोडते ती भरभरून, दार लावून घेते
त्याच्या वाटचं 'चुकलं माझं' तीच म्हणून घेते.

आई सावकाश माझ्याकडे वळली. तिला काहीच माहीत नव्हतं, पण गॅलरीतलं ताट तिने एकदा आमच्या घरी येऊन पाहिलं होतं. पलीकडे आत्या पदराने डोळे टिपत होती, तिचा हात मध्येच थांबला. गाणं संपलं आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" बहिणीने आमच्या रांगेकडे एकदा पाहिलं. आणि ते गाणं ती पहिल्यापासून पुन्हा गायली.

कार्यक्रमानंतर मी रंगपटात गेले. ती लोकांच्या गराड्यात होती, घामेजलेली, सुंदर दिसत होती. मला बघून धावत आली.

"कसं झालं ताई?"

"छान. पाण्याचा आवाज तेवढा राहिला."

ती मला कोपऱ्यात घेऊन गेली. "तू चिडशील असं वाटलं होतं, म्हणून आधी नाही सांगितलं. पण ताई, नाव कुठे घेतलंय तुझं?"

"तिसऱ्या रांगेत सगळे बसलेत. त्यांना नावाची गरज नव्हती."

"तूच शिकवलंस मला. खरं असेल ते लिहायचं. ती अमेरिकन गायिका त्या मुलांबद्दल लिहायची तेव्हा तू टाळ्या वाजवायचीस. त्यांना विचारलं होतं का तिने?"

हे ती आधीच ठरवून आली होती हे मला कळलं. "ते तिच्या बाबतीत घडलं होतं," मी म्हणाले. "तुझ्या बाबतीत काय घडलं? मी तुला सांगितलं, एवढंच घडलं."

तेवढ्यात कुणीतरी फोटोसाठी बोलावलं आणि ती गेली.

परत येताना रिक्षात आई आणि मी शेजारी बसलो होतो. ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "एवढं पाणी वाया घालवायचीस?" आणि पुढच्या सिग्नलपर्यंत पदरात तोंड लपवून रडत राहिली. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं आणि त्याच्याकडचा रेडिओ बंद केला. आईला हे कळू नये म्हणून मी इतकी वर्षं जपलं होतं. ते तिला दोनशे लोकांबरोबर कळलं.

गाणं चाललं. मोबाइलवर नाचणाऱ्या बोटांनी ते कुठल्या कुठे नेलं. शाळेच्या स्टाफरूममध्ये एका बाईंनी मला ते दाखवलं. "मॅडम, तुमच्याच बहिणीचं ना हो? किती खरं लिहिलंय! मला तर आमच्या नणंदेचीच आठवण झाली." मी डबा उघडला आणि जेवायला लागले. बायका त्या गाण्याखाली लिहायच्या, आमचंही असंच आहे. त्यांना धीर मिळत असेल, मी नाही म्हणत नाही. पण तो धीर माझ्या घरातून नेलेला होता आणि मी दिला नव्हता.

मी बहिणीला एकदाच सांगितलं, "ते काढून टाक." ती म्हणाली, "बघते." नंतर म्हणाली, आता ते माझ्या हातात राहिलं नाही, लोक कार्यक्रमाला येतात ते त्या गाण्यासाठी. त्यात खोटं काही नव्हतं.

आणि मग त्याचा फोन आला. वेगळं झाल्यापासूनचा पहिला. मी भाजी घेऊन घरी येत होते, जिन्यातच थांबले.

"ते गाणं ऐकलं," तो म्हणाला.

मी भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"नळाचं मला माहीत नव्हतं. खरं होतं ते?"

त्याचा आवाज ओला होता. ज्या माणसाकडून दोन शब्द मिळावेत म्हणून मी तीन वर्षं झुरले, तो स्वतःहून बोलत होता. आणि मला एवढंच वाटलं की याच्यापासून लपवून ठेवलेली माझी एक गोष्ट शिल्लक होती, तीही आता याच्याकडे गेली.

"गाणं आहे ते," मी म्हणाले. "गाण्यात लिहितात काहीही."

"मी तुला..."

"माझी भाजी पडतीये," म्हणाले आणि फोन ठेवला. हे मी बहिणीला सांगितलं नाही.

भांडण असं आमच्यात झालंच नाही. सणावाराला भेटायचो, फराळाची ताटं भरायचो, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलायचो. ती "काय चाललंय ताई?" विचारायची. शाळेची तपासणी, लिफ्ट बंद, पाण्याची वेळ बदलली, असं मी सांगायचे. ती लक्ष देऊन ऐकायची आणि अजून काहीतरी येईल म्हणून थांबायची.

गेल्या वर्षी माझ्या छातीत गाठ लागली. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितला. माझ्याबरोबर खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्या सबंध वाटेत सुनेबद्दल बोलत होत्या आणि ते मला फार बरं वाटलं. रिपोर्ट चांगला आला. तो आल्यावरच मी आईला सांगितलं, आणि आईकडून बहिणीला कळलं. त्याच रविवारी ती आली. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "कोण त्या खालच्या काकू? मी नव्हते?"

"होतीस."

"मग?"

मी कणीक मळत होते, मळत राहिले. ती ओट्याशी येऊन उभी राहिली.

"तुला वाटलं मी यावरही गाणं करीन?"

मी कणकेला तेलाचा हात लावला.

"नसतं केलं मी, ताई."

"नसतंस केलं कदाचित."

"कदाचित?" ती म्हणाली आणि तिथेच ओट्याला टेकून रडायला लागली. ती खरंच रडत होती, मला ते दिसत होतं. पूर्वी मी हात धुऊन तिला जवळ घेतलं असतं. त्या दिवशी मी म्हटलं, "जेवून जा. पिठलं टाकते."

ती जेवली. नागपूरला कार्यक्रम आहे म्हणाली, तिकडच्या उन्हाबद्दल बोलली. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे गेले हे तिने विचारलं नाही, विचारायची हिंमत झाली नसावी. मीही सांगितलं नाही. निघताना, चपला घालता घालता, तिने मान वर न करता विचारलं, "आता दुखत नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

टाक्यांच्या जागी अजून दुखत होतं. ती जिना उतरून गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि भांडी घासायला घेतली.