अंगण ‘जैसे थे’

आशालताबाईंचं टेबल पनवेलच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानाच्या पडवीत असतं. लग्न होऊन अलिबागहून इकडे आल्या तेव्हा बी.कॉम. होत्या आणि मराठी टायपिंगची परीक्षा पास. पंचवीस वर्षांत टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, पण काम तेच. वकील हातानं लिहून देतात ते सुबक टाइप करायचं. पण कोर्टातून कागद घेऊन निघालेला माणूस हमखास त्यांच्यापाशी थांबतो. ‘बाई, यात लिवलंय काय?’ म्हणून त्यांनी एक नेम घालून घेतला. हुकुमावर काही टाइप करून हवं असेल, तर आधी तो हुकूम त्या माणसाला शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवायचा. पुढे काय करायचं ते मात्र सांगायचं नाही. “सल्ला वकिलाचा, वाचन माझं,” असं त्या म्हणतात.

सोमवारी सकाळी गुणाबाई आल्या. नऊवारीचा पदर खोचलेला, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कोर्टाचा हुकूम.

“बाई, आमचा आंगन गेला का?”

“कुणी सांगितलं गेलं म्हणून?”

“दीर माजा, काशीराम. वाटनीचा दावा त्यानंच लावलाय. हा कागद आला तवा आख्ख्या आळीन पेढे वाटले त्यानं. म्हनतो, जैसे थे म्हंजे आंगन आमचा. चार दिस झाले, त्याचा डंपर रोज आंगनान उभा. आन् गुरुवारी माज्या नातीची, रंजिताची हळद हाय.”

“बसा आधी,” आशालताबाई म्हणाल्या आणि कागद उलगडला. “ऐका. पुढील तारखेपर्यंत दोन्ही पक्षांनी दाव्यातील अंगण आजच्या तारखेस आहे त्याच स्थितीत, म्हणजे जैसे थे ठेवावे. बांधकाम, खोदकाम अथवा नवीन वापर करू नये.”

“म्हंजे तो जिकला?”

“कुणीच जिंकलं नाही, गुणाबाई. अंगण कुणाचं ते कोर्टानं अजून ठरवलेलंच नाही. ते ठरेपर्यंत दोघांनीही हात लावायचा नाही, एवढाच याचा अर्थ.”

गुणाबाईंनी सुटकेचा श्वास घेतला खरा, पण लगेच चेहरा पडला. “खोदकाम नको बोल्ले ना? मंग मांडवाच्या मेढीला खड्डा कसा खनाचा?”

“हॉल घेतलात तर?”

“हळद हॉलान? आन् देवाला हॉलचा पत्ता कोन सांगंल?”

आशालताबाईंना हसू आलं. पण ‘खणा बिनधास्त’ हे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. कोर्टाचा हुकूम मोडला तर काय होतं, ते त्यांनी या पडवीत बसून पुष्कळदा पाहिलं होतं. त्यांनी गुणाबाईंच्या वकीलबाईंना फोन लावून दिला. दुपारी वकीलबाई अर्ज लिहून घेऊन आल्या. लग्नापुरता तीन दिवस मांडव घालू द्यावा, खड्डा बुजवून अंगण पूर्ववत करून देऊ.

“आपल्याच आंगनान परवानगी मागाची!” टाइप होत असताना गुणाबाई पुटपुटत राहिल्या. पण अंगठा न लावता सही केली, सावकाश, एकेक अक्षर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत काशीराम हजर. पांढरा शर्ट, खिशात वकिलांनी खरडलेला कागद. वहिनीच्या अर्जावरचं आपलं म्हणणं त्यांना टाइप करून हवं होतं.

“लिवा बाई, सक्त हरकत हाय. आंगन जैसे थेच राहिला पायजे.”

“लिहिते. हुकूम आणलाय?”

“तो कशाला? मना ठाव हाय ना.”

“वाचल्याशिवाय मी टाइप करत नाही, काशीरामभाऊ. कुणाचंच नाही.”

काशीरामांनी नाइलाजानं खिशातून हुकूमही काढला. आशालताबाईंनी कालच्याच आवाजात वाचलं. ‘दोन्ही पक्षांनी’पाशी काशीराम पुढे सरकले. ‘नवीन वापर’ आलं आणि त्यांनी टेबलाची कड धरली.

“परत वाचा.”

आशालताबाईंनी परत वाचलं. डंपरचा ‘ड’ही काढला नाही.

“म्हंजे माज्यावर पन हाय हा?”

“दोन्ही पक्ष लिहिलंय.”

काशीराम रस्त्यापलीकडे जाऊन वकिलांशी फोनवर बोलले. आधी मोठ्यानं, मग हळू, मग नुसतंच ‘हां, हां’. परत येऊन खुर्चीत बसले. मग म्हणाले, “पोर आमचीच हाय. खाली मान घालून आजा आजा करत्ये.” हुकुमाची घडी घातली. “लिवा, हरकत नाय. पन खड्डा बुजवाचा, आन् मांडव तीन दिसांन निगाला पायजे. वकील बी तसंच बोल्ले.”

आशालताबाईंनी तसंच लिहिलं. डंपर संध्याकाळीच अंगणातून निघून कळंबोलीच्या ट्रकतळावर गेला, हे त्यांना दुसऱ्या दिवशी गुणाबाईंकडून कळलं. त्या नवा हुकूम वाचून घ्यायला आल्या होत्या.

“मांडवास तीन दिवस परवानगी. मेढीसाठी एकच खड्डा, खोली दीड फूट.”

“दीडच? मेढ हलंल ना, बाई!”

आशालताबाईंनी कागद पुन्हा खालपर्यंत पाहिला.

“भोवती दगड रचा. दगडाबद्दल काही लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या, आणि लगेच भानावर आल्या. “पण वकीलबाईंना विचारून, हं!”

गुणाबाई तोवर रिक्षाला हात करत होत्या.