सांध्याची मजुरी

लग्न होऊन विंझरला आले आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात घण आला. माहेरही लोहाराचंच, त्यामुळं त्याचं मला नवल वाटलं नाही. सासरे मोडलेल्या फाळाची दोन्ही टोकं भट्टीत घालायचे आणि मी चामड्याचा भाता ओढायची. लोखंड लाल व्हायचं, मग पिवळं. पांढरं होऊन त्यातून बारीक ठिणग्या उडायला लागल्या, की सासरे त्यावर चिमूटभर वाळू टाकायचे, टोकावर टोक ठेवायचे आणि म्हणायचे, "हं, पोरी!"

मग घण. एक माझा, एक नवऱ्याचा, एक माझा, एक त्याचा. आठ-दहा घावांत दोन तुकड्यांचा एक व्हायचा. सांधा जमला की नवरा आधी माझ्याकडं बघायचा, मग लोखंडाकडं. फार बोलणारा माणूस नव्हता तो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात आमचं जे काही बोलणं झालं, ते बहुतेक असंच झालं.

या कामाचे पैसे मिळत नसत. सुगीला आम्ही खळ्यांवर जायचो. एका नांगरामागं भाताच्या ठरलेल्या पेंढ्या मिळायच्या. मग वर्षात त्याचा फाळ एकदा मोडो की दहादा. वरच्या वाड्यांतले धनगर कुऱ्हाड नाहीतर कोयती घेऊन उतरायचे. त्यांचा नांगर नसायचा, म्हणून पेंढ्याही नसायच्या. ते लोणी आणायचे, कधी लोकर. पावसात काही आणायला जमलं नाही तर हात जोडून जायचे आणि सासरे म्हणायचे, "जा बाबा, वाट निसरडी हाय, जपून." मोजमाप असं काही नव्हतं. पोट भरत होतं, पण लुगडं फाटलं की दुसरं कुठून आणायचं हे कुणालाच ठाऊक नसायचं.

एकदा नवरा लोखंड आणायला भोरला गेला. भोर तेव्हा संस्थान होतं, बाजार मोठा होता, आणि कोकणातून घाट चढून येणाऱ्या उतारूंच्या सर्व्हिस मोटारी तिथं थांबायच्या. परत आला तो जेवायला बसेना. अंगणातच उभा राहून सासऱ्यांना सांगायला लागला.

"दादा, मोटारीचा लोखंडी पट्टा मोडला व्हता. एक मानूस आला, हातात नळी. नळीच्या तोंडाला निळा जाळ, सुईवानी बारीक. भट्टी न्हाई, भाता न्हाई. बघता बघता लोखंड पान्यावानी झालं आन् सांधलं."

सासरे हसले. "घण न्हाई मारला?"

"न्हाई."

"मंग ते कसलं लोहारकाम? आज ना उद्या सुटंल ते."

"सुटत न्हाई दादा. म्या हातानं वाकवून बघितलं. मला ते शिकायचंय."

दोन दिवस सासऱ्यांनी भट्टी पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मला हाक मारून म्हणाले, "पोरी, त्याच्यासंगं जा. एकला ऱ्हायला तर उपाशी ऱ्हाईल. मी चुलतभावाच्या पोराला घणाला घेतो." एवढं बोलून ते उठून गेले. आम्ही निघालो तेव्हा ते ओढ्यापर्यंत पोचवायला आले. माझ्या डोक्यावरच्या गाठोड्यात त्यांनी तांदळाची एक पिशवी कधी खोचली, ते मला भोरला पोचून गाठोडं सोडल्यावर कळलं.

भोरला नीरा नदीच्या अंगाला आम्ही एक खोली घेतली. नवरा एका मोटार-दुरुस्तीच्या कारखान्यात लागला. पहिलं वर्ष शिकाऊ म्हणून महिन्याला आठ रुपये. त्यानं ते पहिल्यांदा माझ्या ओंजळीत ठेवले तेव्हा मला हसूच आलं. वर्षभराच्या पेंढ्या खळ्यावरून घरी आणताना पाठ मोडायची, आणि हे एवढंसं.

हात बसल्यावर आठाचे पंधरा झाले. इंजिन खोलणाऱ्या मिस्त्रीला त्याहून बरेच जास्त मिळायचे. नवरा म्हणायचा, "त्येचं डोकं लागतं, माझा निस्ता हात लागतो." मला ते पटायचं नाही, पण मी बोलायची नाही. सुट्टीच्या दिवशी मालकाच्या परवानगीनं तो बाहेरची कामं करायचा. एका वकिलाच्या घरचा लोखंडी पलंग सांधला तर रुपया आणि नारळ मिळाला. देवळाच्या घंटेची कडी सांधली तर प्रसाद. विहिरीवरच्या रहाटाचा दांडा सांधायला तर दिवस गेला आणि बायकांनी नुसत्या भाकऱ्या आणून दिल्या. "सांधा तोच," तो घरी येऊन सांगायचा, "पर कुठं सांधला त्येच्यावर सगळं." त्यात तक्रार नसायची, गंमत असायची. अंगाला, जाळाचा गॅस ज्यापासून करतात त्या कार्बाईडचा उग्र वास यायचा, सडलेल्या लसणासारखा. पुढं पुढं तो वास वाटेवरून आला तरी मी चुलीवर तवा टाकायची.

आमची मुलगी झाली त्याच्या आगेमागे लढाई पेटली. पुण्याजवळच्या लष्करी कारखान्यांना सांधणारी माणसं हवीत अशी बातमी भोरपर्यंत आली. तिथं सांधायचं काम विजेच्या जाळानं चालायचं, आणि दिवसाला अडीच रुपये. दिवसाला! मी दोनदा विचारलं. नवरा परीक्षा द्यायला गेला आणि तिकडंच राहिला.

दर महिन्याला मनीऑर्डर यायची. तिच्या कुपनावर तो कुणाकडून तरी दोन ओळी लिहून घ्यायचा. मला वाचता येत नव्हतं, आणि पोस्टमननं त्या ओळी चारचौघांत मोठ्यानं वाचलेल्या मला आवडायच्या नाहीत. म्हणून शेजारच्या मास्तरीणबाईंकडं मी मुळाक्षरं शिकायला बसले. मांडीवर पोर, हातात पाटी. चार महिन्यांनी मी पहिलं कुपन स्वतः वाचलं. त्यात लिहिलं होतं, "मी खुशाल आहे. पोरीला माझं नाव सांगत जा." वाचून मी दाराआड जाऊन बसले. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं, ते पोरीला सांगायचं कसं, हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

मधून मधून तो रविवारी यायचा आणि तिथल्या गोष्टी सांगायचा. नुसते सपाट पत्रे सांधणाऱ्याला कमी मिळायचं. ज्या टाकीत पाणी नाहीतर वाफ दाबून भरायची, तिच्या सांध्याला जास्त, कारण थेंब गळला तर सगळं परत करावं लागे. आणि उताणं पडून, डोक्यावरचा सांधा करायचा तर सगळ्यांत जास्त. वितळलेलं लोखंड गळ्यावर, छातीवर पडायचं. तो ते सांगताना सदरा वर ओढून घ्यायचा, पण मला डाग दिसायचे. काळे, मसुराएवढे. मी मोजले नाहीत कधी, फक्त खोबरेल लावायची.

मग एक रविवार आला. दुपारची मोटार आली आणि तिचा कंडक्टर माझ्या दारात उभा. त्यानं नवऱ्याचा हात धरला होता. नवऱ्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलेलं.

"वैनी, घाबरू नका," कंडक्टर म्हणाला, "ह्यास्नी उजेड सोसत न्हाई."

मी त्याला आत घेतलं, दार लावलं, खिडकीला लुगडं बांधलं. फडकं सोडलं तर डोळे लालभडक, सुजलेले, पाण्याची धार.

"अवो, काय झालं हे?"

"वाळू घातल्यावानी झालंय गं. रगडून घातल्यावानी."

विजेच्या जाळाकडं बघताना तोंडासमोर काळी काच धरायची असते. त्याच्या काचेला तडा गेला होता. काच बदलायला कोठारात जायचं, रांगेत उभं राहायचं, त्यात अर्धा दिवस जायचा. टाकीचं काम वेळेत संपवलं तर वर पैसे मिळणार होते. म्हणून त्यानं त्याच काचेनं तीन दिवस काम केलं.

मास्तरीणबाईंनी गुलाबपाणी दिलं, पण ते झोंबलं. मग विंझरच्या बाया करायच्या तेच मी केलं. पोर अंगावर पीत होती. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्या दुधाचे दोन-दोन थेंब त्याच्या डोळ्यांत सोडले. तो मोठा गडी, घण मारणारा, लहान मुलासारखा गप्प पडून राहिला. पोरगी शेजारी बसून टकामका बघत होती. थोड्या वेळानं तो म्हणाला, "गार वाटतंय."

दोन दिवस त्याला दिसलं नाही. मी त्याला हाताला धरून सकाळी उजाडायच्या सुमाराला नदीवर न्यायची. तो विचारायचा, "पानी किती हाय?" मी सांगायची. "पलीकडं काय पेरलंय?" मी सांगायची. इतकं आम्ही आधी कधी बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी मनातलं बोलले. "आता जाऊ नका तिकडं. पंधरा रुपयांत भागत व्हतं आपलं."

"भागत व्हतं. पर आता दादांना धाडता येत्यात. पोरीसाठी चार पैसे मागं पडत्यात."

"तुमचं डोळं गेलं तर मनीऑर्डर वाचायला मी शिकले, पर धाडनार कोन?"

तो हसला. हसताना डोळे दुखले म्हणून कळवळला. मी त्याचा हात पोरीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, "शपथ घ्या. काच फुटली की काम बंद. एका दिसाचा रोज गेला तर जाऊ द्या."

त्यानं शपथ घेतली. आणि पाळलीही. पुढं दोन-तीनदा त्याची मनीऑर्डर पाच-सहा रुपयांनी कमी आली. कुपनावर एवढंच असायचं, "काच बदलली." ती कुपनं वाचताना मला जे सुख व्हायचं ते पुऱ्या रकमेनं कधी झालं नाही.

लढाई संपली आणि तिथली माणसं कमी झाली. नवरा परत आला. साठलेल्या पैशांतून त्यानं गॅसची एक टाकी, नळ्या आणि जुनं सामान घेतलं, आणि भोरमधून घाटाकडं जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याची शेड टाकली. डोळे बरे झाले होते, पण वाऱ्याला पाणी यायचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो मला म्हणायचा, "ये, धर." भंगाराच्या तुकड्यांवर मी शिकले. जाळाचं निळं टोक लोखंडापासून किती लांब ठेवायचं, वितळलेल्या थेंबाला पुढं कसं न्यायचं. भात्यासमोर वर्षं काढलेल्या बाईला आगीचा रंग शिकवावा लागत नाही. बाकीचं मात्र हळूहळू आलं. माझे पहिले सांधे उकिरड्यासारखे दिसायचे. तो बोट फिरवून म्हणायचा, "धरलंय की. दिसायला काय, वरनं रंग मारत्यात."

पुढच्या पावसाळ्यात त्याला हिवतापानं धरलं. एके दिवशी सकाळी महाडकडं निघालेली सर्व्हिस मोटार शेडसमोर थांबली. रेडिएटर ज्या लोखंडी पट्टीवर टेकतो ती पट्टी तुटली होती. पंचवीसेक उतारू खाली उतरून आंब्याखाली उभे राहिले. ड्रायव्हर पट्टी सोडवून घेऊन आत आला. नवरा गोधडी पांघरून बाकावर बसला होता, दात वाजत होते.

"मिस्त्री, तुमच्याच्यानं व्हईल का?"

"न्हाई. ती करंल."

ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "वैनी?"

"ती करंल. मी हितंच बसलोय."

मी चष्मा चढवला, नळी हातात घेतली आणि जाळ पेटवला. काळ्या चष्म्यातून फक्त तो थेंब दिसत होता. मागून त्याचा आवाज येत होता, तापानं घोगरा झालेला. "घाई नगं करू... हां... आता पुढं... आता फिरव." मी पट्टीच्या दोन्ही बाजू सांधल्या. गार झाल्यावर ड्रायव्हरनं ती दगडावर आपटून बघितली. मग पुन्हा आपटली, जोरात.

"सुटत न्हाई की!" तो म्हणाला.

पट्टी बसली, मोटार चालू झाली. ड्रायव्हरनं खिशातून दीड रुपया काढला आणि नवऱ्यापुढं धरला. नवऱ्यानं गोधडीतून हात बाहेर काढलाच नाही.

"माझ्यापुढं काय धरता? काम कुनी केलं?"

ड्रायव्हर गोंधळला. बाईच्या हातात पैसे कसे द्यावेत हे त्याला कळेना. शेवटी त्यानं ते टेबलावर ठेवले, माझ्या बाजूला सरकवले आणि मला रामराम करून निघून गेला.

विंझरला मी किती फाळांवर घण मारला असेन, त्याच्या पेंढ्या घराच्या होत्या. त्यात माझ्या किती, असं कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. आता दीड रुपया टेबलावर पडला होता आणि तो फक्त माझा होता. मला तो उचलता येईना.

"घे की," नवरा म्हणाला.

"काय करू त्याचं?"

त्यानं थोडा विचार केला. "तोंडाला चव न्हाई गं. कायतरी गोड कर."

मी बाजारात गेले. वाण्यानं रवा, साखर आणि चार वेलदोडे बांधून दिले. तूप सासऱ्यांनी विंझरहून धाडलेलं घरात होतं. उरलेले पैसे पदराच्या गाठीला बांधले आणि वाटभर ती गाठ चाचपत आले. शिरा केला. मुलीनं दोनदा मागून घेतला. नवऱ्यानं ताट मांडीवर घेतलं, तापानं त्याचे हात हलत होते म्हणून मीच भरवायला बसले. चार घास झाल्यावर तो थांबला.

"गोड कमी झालंय का?" मी विचारलं.

त्यानं नाही म्हणून मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं. ते तापाचं होतं की वाऱ्याचं, मी विचारलं नाही. "आजून वाढ," तो म्हणाला.

ताप उतरायला तीन आठवडे लागले. तोवर शेड मी चालवली. नंतर आम्ही दोघांनी मिळून चालवली, पुढची पुष्कळ वर्षं. घाटातून येणारे ड्रायव्हर रस्त्यावरूनच भोंगा वाजवायचे आणि विचारायचे, "वैनी हायत का?" नवरा आतून ओरडायचा, "हायत. मी बी हाय, पर तुमास्नी कुठं पायजे!" आणि हसत हसत कापडानं नळी पुसून माझ्या हातात द्यायचा.