पणजीवरचा माड

तुम्हाला म्हणून सांगतो — हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही, आणि गंमत म्हणजे झालं ते तिच्याच पायी.

तारकर्लीच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या देवळाच्या भिंतीवर शंभरेक वर्षांपूर्वी एका फिरत्या चिताऱ्याने तेव्हाचा गाव रंगवून ठेवलाय. डोलीतला खोत, टोपीवाला साहेब, आगबोटीकडे निघालेले चाकरमानी — आणि खोताची वाट अडवून उभी एक बाई. डोक्यावर माशांची पाटी, एक हात कमरेवर, दुसरा खोताच्या नाकासमोर, तोंड उघडं. ती माझी पणजी. खोताने फुकट मासळी मागितली, तेव्हा हिने त्याला भर बाजारात सुनावलं होतं.

चाळीस वर्षं मात्र तिच्या जागी माड होता.

मी तेव्हा हायस्कुलात नुकताच चित्रकलेचा मास्तर झालो होतो. बायकोच्या माहेरची मंडळी फोंडाघाटहून मला बघायला येणार होती. देवळात पाया पडल्याशिवाय थोडीच जाणार? आणि कोणीतरी बोट दाखवणारच — ती बघा मास्तरांची पणजी, मासे विकायची. मला लाज वाटली. कोणाची? जी खोतालाही घाबरली नाही, तिची! भर दुपारी, देवळात कोणी नसताना, शाळेचे पोस्टर रंग नेले आणि तिच्यावर उंच माड काढला. गावाला सांगितलं — ओल येऊन तेवढं चित्र गेलं, म्हणून जागा भरली. भिंत सावरली म्हणून गावाने मला नारळ दिला. मी घेतलाही.

माझी आत्या रोज त्या चित्राखाली अबोलीचं फूल ठेवायची. तिची ती सख्खी आजी. त्या संध्याकाळी तिने माडाशेजारी तळहात टेकला, बराच वेळ. मग माझ्याकडे बघितलं.

"भिंत तर सुकी आसा रे," एवढंच म्हणाली.

कोणाला बोलली नाही. मरेपर्यंत फूल माडाच्या बुंध्याशी ठेवत राहिली. मी ते रोज बघत होतो.

गेल्या महिन्यात भिंत साफ करायचं काम गावाने माझ्याकडेच दिलं. ओलं फडकं घेतलं. चिताऱ्याचे रंग ओल्या चुन्यात मुरलेले, ते जागचे हलले नाहीत. माझा माड मात्र बघता बघता बादलीत उतरला. आधी पाटी आली, मग उगारलेला हात, मग ते उघडं तोंड. एक रेघ गेली नव्हती! मी सत्तरीचा माणूस, स्टुलावर उभा राहून खदखदा हसलो. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. मी काढलेला माड हरला होता, आणि ती पुन्हा खोताला दम देत उभी होती.

बायकोने विचारलं, ही कोण? माझी पणजी, म्हटलं. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"हिची धिटाय तुमच्यात कशी नाय उतारली?"

तिने हे थट्टेत विचारलं.

आता गाव म्हणतोय, मास्तरांनी गेलेलं चित्र परत आणलं. पुन्हा नारळ द्यायचं चाललंय. चित्राखालची पाटीही मलाच लिहायला सांगितलीय. ती काल लिहून झाली. वर पणजीचं नाव. त्याखाली — मासे विकायची, खोताला घाबरली नाही. त्याखाली — भिंतीला ओल नव्हती, हिला मी झाकलं होतं. आणि माझी सही.

उद्या सकाळी पाटी लागेल. या खेपेला ऑइल पेंट वापरलाय, पाण्याने जायचा नाही.