आईने मळून टाकलेला क्रम्बल

मैत्रिणींनो, आज नुसता वैताग! माझी पहिली ऑर्डर होती, सौसरच्या एका मॅडमसाठी आंब्याचा टार्ट. "ग्रॅज्युएट होऊन बिस्किटं भाजणार का?" म्हणणाऱ्यांना तेच माझं उत्तर होतं.

टार्टवर पसरायच्या क्रम्बलसाठी कणकेत लोणी चोळून मी भुरभुरीत चुरा करून ठेवला आणि अंघोळीला गेले. परत आले तर आईने पाणी घालून त्याचा घट्ट गोळा मळला होता!

"हे काय केलं वं आई?"

"वरण-बट्टीची कणीक अर्धवट टाकून गेली तू. घरातली पहिली ग्रॅज्युएट, अन् मळायचा आळस!"

लोणी संपलं होतं. टार्ट क्रम्बलविनाच गेला.

महिनाभर तुम्हाला इथे ग्रुपवर रेसिपी समजावतेय, शेजारी बसलेल्या आईला एकदाही नाही. तुमच्या घरी माहीत आहे का, तुम्ही नेमकं काय करता ते?