सोमवारच्या आधीची दुरुस्ती

“अरे देख तो, इसके पंखे में चावल है!”

पंडरी बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात दुकानदार शेजारच्या टेबलावर बसलेल्या आपल्या भावाला सांगत होता. सीपीयू माझा होता. मी मोबाइलमध्ये बघत राहिले, जणू सीपीयू दुसऱ्याच कुणाचा आहे.

तांदूळ नव्हे, अक्षता. आई दर खंडेनवमीला कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून अक्षता वाहते. “तुह्या कामाचं हत्यार हेच ना?” म्हणते. मी हिंदीत “हाँ, ठीक है” म्हणून बाजूला होते.

चार वर्षं मी घरी बसून एका आर्किटेक्टच्या ऑफिससाठी घरांचे नकाशे काढते. फाइल येते, फाइल जाते. कधी दिवसभरात माझा आवाज फक्त आईने ऐकलेला असतो, तोही तिने जेवायला हाक मारल्यावर. गेल्या आठवड्यात ऑफिसने सॉफ्टवेअर बदललं. गिऱ्हाइकांना आता सपाट नकाशा नको. त्यांना स्क्रीनवर घरभर फिरायचं असतं, सोफ्यावर पडलेलं ऊन बघायचं असतं. ती फाइल उघडली की माझा कॉम्प्युटर गप्प. ऑफिसच्या ताईंनी व्हॉइस मेसेज पाठवला: “सोमवारपर्यंत तुझ्याकडे सुरू झालं नाही तर इथेच येऊन बस. एक टेबल रिकामं आहे.”

ते टाळायलाच मी दुकानात आले होते.

“दीदी, नया ग्राफिक्स कार्ड ये मदरबोर्ड नहीं लेगा,” दुकानदार म्हणाला. “बोर्ड बदला तो प्रोसेसर, रॅम, सब गया समझो. डिब्बा बचेगा.”

“डिब्बा भी कौन रखता है आजकल, बिना लाइट का!” भावाने काचेचा कॅबिनेट सुरू करून दाखवला. आत जांभळे दिवे गोल फिरू लागले.

“कितने दिन चलेगा?” मी विचारलं.

“दो-तीन साल आराम से. फिर सॉफ्टवेयर और माँगेगा.”

आणखी दोन-तीन वर्षं त्याच खोलीत, भिंतीकडे तोंड करून. मागे रॅम वाढवली तेव्हाही ताईंनी असंच बोलावलं होतं. रॅम वाढवून मी घरीच राहिले होते.

“तो बना दूँ?” दुकानदाराने विचारलं.

मी बाहेर पायरीवर आले आणि ताईंना फोन लावला. टाइप करता आलं असतं. ताईंनी लगेच उचलला.

“ताई, घरचा कॉम्प्युटर मी बदलत नाहीये,” मी म्हणाले. “सोमवारी येते. ते टेबल माझ्यासाठी ठेवा.”